आत्ता कोण बसलंय

"उठ पोरी. तोंड नंतर धू. आधी त्याला हाक मार, तो कधीचा उभा आहे."

किती वर्षं झाली त्या आवाजाला. खिडकीच्या काचेवर उजेडाची नुसती करडी रेघ असायची, आणि त्या रेघेखाली आत्या प्रार्थनेला गुडघ्यांवर. पोरगी डोळे चोळत शेजारी येऊन बसायची, पेंगायची, आत्याच्या दंडावर डोकं टेकून पुन्हा झोपायची. आत्या रागवायची नाही. तिने स्वतःच रचलेल्या दोन ओळी होत्या. केर काढताना, कपडे पिळताना, पोरीची वेणी घालताना त्याच दोन ओळी ती त्याच चालीवर घोळवायची:

पहाटेच्या पारी, माझ्या दारी कोण आला
हात रिकामे माझे, त्याने हातच मागितला

आई लवकर गेली, बाप कामासाठी दूरदेशी. आत्यानेच वाढवलं. तिने लग्न केलं नाही, की कुणी विचारलं नाही, हे पोरीला कधी कळलं नाही. विचारलं की आत्या म्हणायची, "मला वेळ कुठे होता? दिवसभर लोकांच्या लाईनी जोडत होते."

ते खोटं नव्हतं. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी. याला त्याच्याशी जोडायचं, त्याला तिच्याशी. शहराने तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आवाज मात्र घरोघरी ओळखीचा. बाजारात तिने भाव विचारला की दुकानदार मान वर करून म्हणायचा, "बाई, तुम्ही काल माझा फोन मध्येच तोडलात."

चर्चच्या मंडळीत प्रार्थनेची साखळी सुरू झाली ती तिच्यामुळेच. कुणी गंभीर आजारी पडलं, कुणावर संकट कोसळलं, की मंडळीतल्या माणसांनी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने वाटून घ्यायचा. आपला अर्धा तास संपला की पुढच्याला फोन करायचा: आमेन, आता तुमच्याकडे. आणि आत्याचा नियम एकच होता, एक्स्चेंजमधून आणलेला. पुढच्याने उचलल्याशिवाय आपण ठेवायचं नाही. लाईन रिकामी सोडायची नाही. "मधली एक वायर निघाली," ती म्हणायची, "की दोन्हीकडची माणसं हॅलो हॅलो करत बसतात."

ती पोरगी आता पन्नाशीला टेकली होती. मंडळीत तिला सगळे कवळीताई म्हणत.

नाव ठेवलं होतं मंडळीतल्याच वायरमन काकांनी. ताईची छोटी कार्यशाळा होती, घराच्याच पुढच्या खोलीत, आणि तिथे ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची. डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवत. त्यात ती प्लास्टर ओतायची, टेबलावर टकटक आपटून हवेचे बुडबुडे काढायची, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवायची, मेणात एकेक दात रोवायची. मग मेण उकळून काढायचं, त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायचं, शिजवायचं, घासायचं, शेवटी पॉलिशच्या ओल्या पुडीने चाकावर चकचकीत करायचं. काका म्हणत, "रविवारी आपली अर्धी मंडळी ताईंच्या दातांनी गाते. स्तोत्र कुणाचंही असो, वाजतं यांचंच."

कामाला खाडा नव्हता. आणि मंडळीतल्या कामाचा गाडाही फिरून फिरून तिच्याच दारात येऊन उभा राही. संडेस्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, महिला संघाचा चहा, वेदीवरची फुलं. कुणी विचारलं की ती हातातला साचा खाली न ठेवता म्हणायची, "द्या. करते." हे दोन शब्द तिच्या तोंडात इतके बसले होते की मागणाऱ्याचं वाक्य पुरं होण्याआधीच बाहेर पडत. लोक म्हणत, ताई वेळात वेळ कसा काढतात देव जाणे. ताईलाही वाटे, देवच जाणे.

मग आत्याचा आवाज बसू लागला.

आधी सर्दी म्हटलं, मग वय म्हटलं. मग मोठ्या हॉस्पिटलात नळी घालून बघितलं, आणि डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. घशातली गाठ वाईट होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचेल, बहुतेक. आवाज जाईल, नक्की.

आत्या ऐकत राहिली. मग तिने घोगऱ्या आवाजात विचारलं, "सगळाच?"

"सगळाच," डॉक्टर म्हणाले.

हॉस्पिटलात दाखल होताना तिने भाचीला एकच सांगितलं. "फळं आणू नका, फुलं आणू नका. येऊन माझ्याभोवती रडत बसू नका. साखळी धरा. मला जाग येईल तेव्हा कुणीतरी गुडघ्यांवर असलं पाहिजे, बास."

"धरते," ताई म्हणाली.

तिनेच फोन केले, तिनेच वेळा वाटल्या. पहाटेची पहिली कडी बेकरीवाल्याची, कारण तो तसाही भट्टीपुढे जागाच असे. मग शाळेच्या बाई, मग पाळकसाहेबांची पत्नी, मग ताई स्वतः, आणि असं करत करत संध्याकाळचा अर्धा तास वायरमन काकांचा. पहिले दोन-तीन दिवस साखळी अशी चालली की ताईच्या अंगावर काटा यावा. फोन वाजायचा, पलीकडून पाळकांच्या पत्नीचा ओलसर आवाज यायचा, "आमेन, ताई. आता तुमच्याकडे." ताई हात पुसून प्लास्टरच्या पोत्यांशेजारी गुडघे टेकायची.

मग शाळेच्या बाईंचा फोन आला.

"ताई, परीक्षा सुरू झाल्यात हो. पेपर तपासता तपासता डोळ्यांपुढे अंधारी येते. माझा सकाळचा अर्धा तास तुम्ही घ्याल का? तुमची एक प्रार्थना माझ्या चारच्या बरोबरीची आहे."

"द्या. करते."

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला. त्याचा माणूस गावी पळाला होता, भट्टी एकट्यावर होती. "डोळे मिटले की पाव करपतात, ताई. देव माफ करेल, गिऱ्हाईक करत नाही."

"द्या मला. तुम्ही पावाकडे बघा."

मग पाळकांच्या पत्नीची लेक बाळंतपणाला आली. मग वायरमन काकांना नव्या इमारतीचं काम मिळालं, नेमकं संध्याकाळचं. "शिडीवर चढून डोळे मिटले, ताई, तर मी प्रार्थनेपेक्षा लवकर वर पोचेन."

ताई हसली. "या वयात शिडीवर चढता कशाला? द्या इकडे."

कुणी आळशी नव्हतं, कुणी लबाड नव्हतं. सगळी दिवसभर राबणारी माणसं. प्रत्येकाला वाटलं, अडचण आपल्या एकट्याची आहे. बाकीची साखळी धडधाकट आहे, आणि आपला तुकडा तर सगळ्यांत भक्कम हातात आहे. जो तो मनावरचा दगड ताईच्या ओट्यावर ठेवून मोकळा होऊन गेला. आणि हळूहळू ताईचा फोन वाजायचा थांबला. अलीकडची कडी तीच, पलीकडची कडी तीच. आमेन, आता तुमच्याकडे, असं कुणी कुणाला म्हणायचं?

तेव्हा ताईला पहिल्यांदा भीती वाटली.

कारण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितलेली नव्हती. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही, आत्याला तर नाहीच. तिला प्रार्थना करता येत नव्हती.

मंडळीत उभी राहिली की येत असे. पाळक म्हणत, "कवळीताईंनी आपल्याला प्रार्थनेत चालवावं," आणि तिच्या तोंडून शब्द असे वाहत की बायका पदराने डोळे टिपत. पण घरी, एकटीने, दार लोटून बसलं, की काही नाही. डोळे मिटले की पापण्यांमागे जबडे दिसत. वरचा जबडा, खालचा जबडा, डॉक्टरांचा निरोप, उद्या सकाळी द्यायची कवळी, संडेस्कूलच्या पोरांची रंगीत कागदं. ती म्हणे, "प्रभू," आणि थांबे. विहिरीत बादली सोडावी, दोर सरसर संपत जावा आणि खालून पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. हे कधीपासून, तिला सांगता आलं नसतं. एके दिवशी पाणी गेलं असं झालंच नव्हतं. ती रोज दुसऱ्यांसाठी उपसत होती, आणि रोज थोडं कमी येत होतं.

साखळीतला तिचा स्वतःचा अर्धा तास तिने ओढूनताणून निभावला होता. पण आता सगळा दिवसच तिचा झाला. आधी ती गुडघे टेकून बसली. मग म्हटलं, काम करता करता करू. चाक फिरतंय, ओठ हलू देत. चाकाची घरघर ऐकता ऐकता ओठ कधी थांबत, कळत नसे. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे नुसतं बघायचं, की हा शाळेच्या बाईंचा वेळ, हा पाळकांच्या घरचा. मग तेही सुटलं. दिवसच्या दिवस साखळी तिच्या घरात पडून राहिली, आणि तिला कुणाचाच हात लागलेला नव्हता.

आणि हॉस्पिटलातून आत्याचे निरोप येत. नर्सच्या फोनवरून, दोन वाक्यांचे. "सगळ्यांना सांग, मला कळतंय. खांद्यावर घेतल्यासारखं वाटतंय."

तो निरोप ऐकला त्या दिवशी ताईने एका कवळीत सुळे उलटे बसवले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. क्लिनिकमधून परत आली, डब्यात चिठ्ठीही नव्हती. नवऱ्याने ती हातात घेऊन उजेडात धरली.

"ही बाई हसली तर वाघासारखी दिसेल," तो म्हणाला.

ताई हसली नाही. नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. कमी बोलायचा, आणि बोलला की जरा वाकडंच. लोक अडकले की पहिल्यांदा देवाला हाक मारतात आणि दुसऱ्यांदा मला, असं तो सांगायचा.

त्याने कवळी खाली ठेवली. "कुठे अडकलीस?"

"अडकले नाही. कामात आहे."

"आत अडकलेला माणूस कधी घाबरलो म्हणत नाही," तो म्हणाला. "म्हणतो, लवकर या, मला उशीर होतोय."

"अहो, तुम्ही जेवून घ्या. मला आत्याकडे जायचंय, त्याआधी चर्चमध्ये डोकवायचंय."

"देव भेटला तर त्यालाही सांग, उद्या ये, आज ताईला वेळ नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच वाढून घ्यायला आत गेला. बोलणं लागावं म्हणून बोलला नव्हता. पण चपलेत पाय घालताना ताईला ते लागलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. तिने ठरवलं होतं, पाळकांना सांगायचं. सगळं नाही तर निदान इतकं, की साहेब, साखळी तुटली आहे, आजची संध्याकाळ तरी चार माणसं बसवा.

पाळकसाहेब चर्चच्या मागच्या खोलीत पंख्याचं पातं पुसत स्टुलावर उभे होते. तिला बघून खाली उतरले, हात झटकले.

"या, ताई, या. तुमचीच आठवण काढत होतो."

"साहेब, मला एक बोलायचं होतं."

"आधी माझं ऐका, नाहीतर विसरेन. या रविवारी उपासनेत सगळ्यांपुढे उभं राहून तुम्ही साक्ष द्यायची. साखळीची. आत्याबाईंचा निरोप माझ्यापर्यंत पोचलाय, खांद्यावर घेतल्यासारखं वाटतंय म्हणतात. अहो, आजकाल लोक म्हणतात देवासाठी वेळ मिळत नाही. त्यांना तुमच्याकडे बघू दे. दिवसभर काम करून तुम्ही ही साखळी चालवलीत."

ताईच्या घशाशी आलेलं सगळं तिथेच थिजलं. प्लास्टर थिजतं तसं. एकदा थिजलं की पाणी ओतून उपयोग नाही, फोडावंच लागतं.

"द्या. करते," ती म्हणाली.

"आणि तुम्ही काय म्हणत होता?"

"काही नाही. पंख्याचं पातं वाकलंय, म्हणून फिरताना आवाज येतो."

पाळक वर बघत राहिले. ती बाहेर पडली. रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिने वायरमन काकांना फोन लावला. संध्याकाळचा अर्धा तास मुळात त्यांचा. एवढा एक तरी परत द्यावा. पलीकडे ठोकाठोकी चालली होती.

"काका, आज संध्याकाळी जरा..."

"बोला ताई. आत्याबाई कशा आहेत? उद्याच ना?"

"उद्या सकाळी."

"मी खरं सांगू का ताई, मला झोप आली नसती. पण म्हटलं, कवळीताई बसलेल्या आहेत. मग मी निर्धास्त. तुम्ही काय म्हणत होता?"

तिच्या समोरून माणसं चालली होती. कुणाच्या हातात पिशव्या, कुणाच्या कडेवर लेकरू, सगळे घराकडे. एवढ्या लोकांत एकाला थांबवून विचारावं, अहो, तुम्हाला येते का प्रार्थना? माझ्या आत्यासाठी करता का जरा? तिला तसं वाटलं, अगदी खरं वाटलं, आणि स्वतःचीच कीव आली.

"काही नाही काका. शिडी जपून," ती म्हणाली.

आत्याची खाट खिडकीशी होती. गादीवर बसल्या बसल्या ती बारीक दिसत होती, धुवून आटलेल्या कपड्यासारखी. गळ्याभोवती डॉक्टरांनी शाईने खुणा केल्या होत्या. भाचीला बघून तिने हात पुढे केला.

नर्स औषधं देऊन वळता वळता म्हणाली, "आजी, बोलणं कमी करा हं."

"उद्यापासून कमीच आहे, बाई. आज बोलू दे," आत्या म्हणाली. नर्स हसली, आणि मग तिला हसल्याचं वाईट वाटलं असावं. ती पडदा ओढून गेली.

ताई स्टुलावर बसली. आत्याचे हात तिने हातांत घेतले. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत दिवे लागायला सुरुवात झाली होती, एकेका खिडकीत.

"आत्ता कोण बसलंय गं?" आत्याने विचारलं.

ताईला आधी कळलं नाही.

"साखळीत. या वेळेला कोण असतं?"

"वायरमन काका," ताई म्हणाली.

आत्याने डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण उतरला, सुरकुत्यांमधून काहीतरी हळू झिरपल्यासारखा. "बरा आहे तो. प्रार्थना करताना अडखळतो, एकच वाक्य तीनदा म्हणतो. पण लबाडी नाही त्याच्यात."

आत्या मागे उशीवर कलंडली. झोपली असं वाटलं. मग डोळे न उघडताच बोलू लागली. आवाज घासून घासून येत होता, गंजलेल्या कडीसारखा.

"तुला एक सांगते. कुणाकडे बोलू नकोस, पाळकांकडेसुद्धा नाही. डॉक्टर खुर्ची ओढून बसले ना, त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद आहे. तोंडच उघडत नाही. एवढी वर्षं त्याच्याशी बडबडले, आणि आता वेळ आली तर एक शब्द नाही. रुसलेय का घाबरलेय, मलाच कळत नाही. बहुतेक घाबरलेय."

"आत्या..."

"थांब. मला बोलू दे. मग मी काय करते, डोळे मिटते आणि साखळीतली माणसं आठवते. पहाटे जाग आली की म्हणते, आता बेकरीवाला भट्टीपुढे बसला असेल, पिठाचे हात घेऊन. मग शाळेच्या बाई, त्यांना गुडघेदुखी, त्या खुर्चीवर बसून करतात. मग तू. तू आलीस की मला बरं वाटतं, मी गाढ झोपते. म्हटलं, माझी लाईन बंद पडली तर पडली. बाकीच्या चालू आहेत. त्यांच्या आवाजात माझाही आवाज जात असेल."

ताईने हात सोडवून घेतला आणि आत्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. ते आधीच नीट होतं.

"उद्या टेबलावर जाईन ना, तेही त्यांच्याच जिवावर," आत्या म्हणाली. "माझ्याकडे काही नाही. सगळी त्यांच्या अंगावर रेललेय."

पडद्यापलीकडे कुणाची तरी चमचा-वाटी वाजली. कुणीतरी खोकलं. ताईला वाटलं उठून बाहेर जावं, पाणी आणते म्हणावं आणि जिने उतरत सुटावं. गप्प राहिलं तर काय बिघडेल? एक रात्र तर आहे. झोपू दे हिला. उद्या सकाळी ही बेशुद्ध, त्यानंतर हिला विचारता येणार नाही, आणि रविवारी साक्ष देऊन टाकली की साखळी खरीच होऊन जाईल. सगळे म्हणतील, होती. हिलाही तेच वाटत राहील. एकट्या ताईला माहीत असेल, आणि ताईला गप्प राहायची सवय होती.

"फोन आणलायस ना?" आत्या म्हणाली.

"हो. का गं?"

"वायरमनला लाव. त्याचा अर्धा तास संपतच आला असेल, म्हणजे मधेच उठवल्यासारखं होणार नाही. आधी त्याला, मग एकेक करून सगळ्यांना. एकेकच वाक्य बोलते."

"कशाला आता, आत्या? नर्स म्हणाली ना, बोलू नकोस."

"अगं, उद्या मी आभार कसे मानू? हातवारे करून?" आत्या कोपरांवर जोर देऊन वर सरकली. "जन्मभर या आवाजाने दुसऱ्यांच्या लाईनी जोडल्या. शेवटचं बोलणं माझं स्वतःचं असू दे की. ज्यांनी मला धरलं त्यांना सांगते, बाबांनो, मला पोचलं. लाव."

ताईने पिशवीतून फोन काढला. काकांचं नाव वरच होतं, मघाशीच लावलेला फोन. तिने ते उघडलं आणि अंगठा त्यावर धरून बसली. सांगता येत होतं, रेंज नाही. सांगता येत होतं, बॅटरी संपली. दोन्ही वाक्यं जिभेवर तयार होती, गुळगुळीत, पॉलिश केलेली. आणि लावला तर? काका उचलतील, हातोडीचा आवाज येईल, आणि भोळेपणाने म्हणतील, अहो आत्याबाई, माझे आभार कशाला, मी माझा वेळ ताईंना दिलाय. मग शाळेच्या बाई तेच म्हणतील. मग बेकरीवाला.

आत्या उशीला टेकून ताठ बसली होती. तिने कपाळावरचे केस मागे सारले. पदर नीट केला. मग घसा खाकरून, डोळे खिडकीकडे लावून, तिने हळूच आवाज लावून बघितला, बोर्डापुढे बसायच्या आधी बघायची तसा.

"हॅलो," ती म्हणाली. फुटला. तिने पुन्हा खाकरलं. "हॅलो. मी बोलतेय."

या वेळी तो जरा बरा आला. तिने भाचीकडे बघून मान हलवली, हं, जमलं, आता लाव.

 ताईने फोन उलटा करून गादीवर ठेवला.

"नको, आत्या."

"उचलत नाही?"

"लावलाच नाही मी. लावायला सांगू नकोस. तिकडे कुणी नाहीये."

"म्हणजे? आत्ताच तर म्हणालीस..."

"खोटं म्हणाले." ताईला आपलाच आवाज ओळखू येईना. मंडळीत वाहणारा तो हा आवाज नव्हता. हा अडखळत होता, तेच तेच शब्द शोधत होता. "काका कामावर आहेत. शाळेच्या बाई पेपर तपासतायत. सगळ्यांनी एकेक करून आपला वेळ मला देऊन टाकला, आत्या, त्यांचा दोष नाही, त्यांना वाटलं मी आहे. मी सगळ्यांना हो म्हणत गेले. आणि मी बसलेच नाही. मला नाही येत गं प्रार्थना. कधीपासून येत नाही. डोळे मिटले की आत काहीच नसतं. आत्ता कुणी बसलेलं नाही. सकाळीही नव्हतं, कालही नव्हतं. तुझ्यासाठी कुणीच नव्हतं, आत्या. इतके दिवस तू एकटीच होतीस."